टकटक केलं की लागणारा दिवा

बिघडलेली वस्तू माझ्या हातात द्या आणि गॅसवर चहा ठेवा. चहाला उकळी फुटायच्या आत वस्तू चालू! हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. मीरा रोडच्या एका सात विंगांच्या सोसायटीचा मी मॅनेजर आहे. लिफ्ट अडकली, पंप बसला, इंटरकॉम मुका झाला, की "योगेंद्रभाई, जल्दी आओ!" असा पुकारा होतो. मी जातो, पॅनेलवर मुठीने दोनदा टकटक करतो आणि दहातल्या सहा वेळा वस्तू चालू होते. उरलेल्या चार वेळा मी मेकॅनिकला फोन करतो. तो भाग मी घरी सांगत नाही.

त्यामुळे आमच्या दिशाने जेव्हा सांगितलं, "पप्पा, फॅन्सी ड्रेसला मी लाइटहाउस होणार, आणि खरा दिवा लागला पाहिजे," तेव्हा मी हसलो. दुसरीतल्या पोरीच्या डोक्यावर एक दिवा लावायचा. मी रोज संध्याकाळी सात विंगांचे दिवे लावतो!

"लाइटहाउस कशाला?" स्वप्नाली म्हणाली. ही माझी बायको. "परी हो ना. पंख भाड्याने मिळतात."

"परी आजोबांना दिसणार नाही," दिशा म्हणाली.

आजोबा म्हणजे माझे वडील, बाळाराम. आम्ही राई गावात राहतो, खाडीच्या अंगाला. बाबांनी पन्नास वर्षं होडी चालवली. मग काचबिंदूने उजवा डोळा खाल्ला आणि आता तो डाव्यावर बसलाय. "उजेड कुठला, अंधार कुठला, एवढं कळेल. तेही किती दिवस, ते सांगू शकत नाही," असं डॉक्टर म्हणाले. गणपतीपासून बाबा आम्हाला आवाजावरूनच ओळखतात.

होडी त्याआधीच गेली होती. दोन वर्षं ती खाडीत नुसती उभी होती, शेवटी फोडून टाकली. फोडली, कारण चालवायला कोणी नव्हतं. आणि चालवायला कोणी नव्हतं, कारण मी मीरा रोडला पॅनेलवर टकटक करत होतो. कोळ्याचा पोर असून मला होडीत बसलं की ओकारी येते! बाबा यावर मला कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता राहिल्या फक्त गोष्टी. दर्यावरून परतताना लांबून उत्तनच्या दीपगृहाची बत्ती कशी दिसायची, ती दिसली की घरच्या कालवणाचा वास कसा यायचा, हे त्यांनी दिशाला इतक्यांदा सांगितलंय की पोरीला पाठ झालंय. आजोबा आणि नात यांचं आपसांत ठरलेलंही होतं. स्टेजवर दिवा लागला, की समजायचं दिशा उभी आहे.

"आजोबांना एकदा तरी दिसायला पाहिजे, पप्पा," दिशा म्हणाली. "नंतर नाही दिसणार ना."

मी कामाला लागलो. नवीन काहीही आणायचं नाही, सगळं भंगारातून करायचं! वीस लिटरचा रंगाचा रिकामा डबा सोसायटीच्या टेरेसवरून आणला आणि बूड कापून दिशाच्या अंगात चढवला. लाल-पांढरे पट्टे मारायला गेटसाठी आणलेला उरलासुरला रंग होता. गच्चीचा कठडा म्हणून जुन्या टेबलफॅनची गोल जाळी कमरेला बसवली. डोक्यावर माझं जुनं अर्धं हेल्मेट, त्यावर चिवड्याची प्लास्टिकची बरणी उपडी करून चिकटवली. बरणीत दिवा!

दिवा मला माळ्यावर सापडला, बाबांच्या जाळ्याच्या गोणीत. समुद्रात जाळं सोडलं की त्याची खूण म्हणून बोया तरंगत ठेवतात आणि त्याला छोटा लाल दिवा बांधतात. तो उघडझाप करत राहतो. होडीचं सगळं गेलं, हा एक तेवढा राहिला होता. मी त्यात नवे सेल घातले, झाकण आवळलं, आणि माळ्यावरच दिवा लुकलुकायला लागला! मी तो धावत अंगणात आणला. बंद पडला! उन्हात उलटासुलटा करून पाहिला. ढिम्म! त्याला बटण कुठेच नव्हतं.

"लूज कनेक्शन," मी निदान केलं.

रात्रीच्या जेवणाआधी घरात प्रात्यक्षिक ठेवलं. "स्वप्नाली, ट्यूब बंद कर, म्हणजे नीट दिसेल." तिने ट्यूब बंद केली. मी बरणीवर दोनदा टकटक केली. लागला! लाल, झकास, अगदी खऱ्या बत्तीसारखा. "आता ट्यूब लाव." तिने लावली. मी पुन्हा दोनदा टकटक केली. विझला!

"बघितलंस? दोन टकटक चालू, दोन टकटक बंद. याला म्हणतात हात!"

"अहो, पण दिवा बाबांचा आहे. त्यांना एकदा विचारा ना."

"अगं, सरप्राइज आहे! त्यांच्याच होडीचा दिवा नातीच्या डोक्यावर. विचारलं तर काय राहिलं?"

खरं सांगू? सरप्राइजचं निमित्त होतं. होडीतल्या वस्तूबद्दल बाबांना काही विचारायचं म्हटलं की माझी जीभ उचलत नाही. मी आणखी चार दिवस टेस्टिंग केलं. एकदा सोसायटीच्या मीटर रूममध्ये, एकदा खाटेखाली, दोनदा गोधडीत शिरून. दरवेळी दिवा लागला! इतकं कसून टेस्टिंग तर आमच्या लिफ्टचंसुद्धा होत नाही.

स्नेहसंमेलन डिसेंबरातल्या शनिवारी, दुपारी दोनला. बाबांनी पांढरा सदरा घातला आणि आम्ही चौघं रिक्षाने भाईंदरला शाळेत पोहोचलो. हॉलला दोन्ही बाजूंनी मोठमोठ्या खिडक्या होत्या आणि एकीलाही पडदा नव्हता. ऊन थेट स्टेजवर पडलं होतं. बाबांना पहिल्या रांगेत स्वप्नालीशेजारी बसवलं. त्यांनी मान किंचित तिरकी करून डावा डोळा स्टेजकडे लावला आणि तसेच ताठ बसून राहिले.

दिशाचा नंबर तेरावा. बारावा नंबर मेट्रोच्या डब्याचा होता. मी दिशाला घेऊन विंगेत, जाड पडद्याच्या मागे काळोखात उभा होतो. आणि काय सांगू, टकटक न करताच दिवा लागला!

"पप्पा, आपोआप लागला."

"उत्साह आहे त्याला!" मी म्हणालो. बंद करायला दोनदा टकटक केली. विझेना. "राहू दे, लागलेलाच बरा."

"चेस्ट नंबर थर्टीन, दिशा! और ये बनी है लाइटहाउस!" सूत्रसंचालन करणाऱ्या संजना मॅडमनी माइकवरून पुकारलं. दिशा डबा सावरत स्टेजवर गेली. खिडकीतल्या उन्हाची पहिली तिरीप बरणीवर पडली आणि दिवा विझला.

दिशाने डोक्यावर दोनदा टकटक केली. काही नाही. पुन्हा दोनदा केली. मग चारदा.

पहिल्या रांगेतून बाबांचा आवाज आला. समुद्रावर बोलायची सवय, हळू बोलले तरी शेवटच्या रांगेला ऐकू जातं. "आली काय पोर?"

"आली बाबा," स्वप्नाली म्हणाली.

"मंग बत्ती कवा लागंल?"

"दिशा, इकडे ये!" मी विंगेतून ओरडलो. ती धावत आत आली. आत पाऊल टाकल्याबरोबर दिवा चालू! "झालं! आता जा!" ती गेली. बंद! "ये!" चालू! "जा!" बंद! असं तीनदा झालं. हॉलमध्ये हशा सुरू झाला. मागच्या बाकांवरून पोरं ओरडू लागली, "अंदर! बाहर! अंदर! बाहर!" दिशा हसत नव्हती. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला होता.

मग मी करू नये ते केलं. मी स्वतः स्टेजवर गेलो.

"एक मिनिट, मॅडम! लूज कनेक्शन है!" असं म्हणून मी बरणीवर मूठ हाणली. हेल्मेट दिशाच्या नाकावर आलं. दुसरी मूठ हाणली तशी कमरेची पंख्याची जाळी सुटली, घरंगळत स्टेजवरून खाली गेली आणि परीक्षकांच्या टेबलाला प्रदक्षिणा घालून मेट्रोच्या डब्यावर आदळली. मेट्रो रडायला लागली. मेट्रोची आई उभी राहिली!

आणि तेवढ्यात बाबाही उभे राहिले. "योग्याऽऽ! कसला दिवा लावलास त्यो?"

सरप्राइज असं सांगायची वेळ येईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. "तुमच्याच जाळ्याचा, बाबा. माळ्यावरचा."

बाबा म्हणाले, "आरं येड्या, त्यो काळोखातच पेटतो! ऊन लागला का आपसूक विजतो. दिवसा जाळं हुडकाया दिवा कनाला पायजे?"

आधी एक जण हसला. मग सगळे हसले. कोळ्याचा पोर, पन्नास वर्षं होडी चालवलेल्या माणसाचा एकुलता एक मुलगा, आणि जाळ्यावरचा दिवा कधी लागतो हे त्याला चारशे लोकांच्या देखत कळतं! माझे कान तापले. लाज वाटली, फार लाज वाटली.

पण मी मॅनेजर माणूस. काळोख पाहिजे ना? करतो! "लाइट बंद करा! कोई लाइट बंद करो!" मी ओरडलो. कोणीतरी तत्परतेने मेन स्विचच खाली ओढला. पंखे थांबले, माइक मेला, आणि ऊन जसंच्या तसं. ते कोणाच्या स्विचवर नव्हतं. मग मला स्टेजच्या पडद्याची दोरी दिसली. मी ती जोरात ओढली. पडदा सरसर आला आणि मधोमध बंद झाला.

आत गच्च काळोख झाला. आणि दिवा लागला! लाल, उघडझाप करणारा, एकदम ऐटीत. दिशाने माझ्याकडे पाहिलं, हेल्मेट सरळ केलं आणि सगळं भाषण म्हटलं. "मी आहे दीपगृह. मी समुद्राकाठी उभी असते. लांबून येणाऱ्या होड्यांना मी सांगते, घर इकडे आहे." एक अक्षर चुकली नाही. ऐकायला मी एकटा होतो. पडद्याच्या पलीकडून बाबांचा आवाज येत होता, "लागली काय? मना काय दिसत न्हाय. लागली काय?"

मी दोरी उलटी ओढली, तर तिला गाठ बसली होती. शिपायाने स्टूल आणून ती सोडवेपर्यंत दिशाची वेळ संपली, आणि पडदा उघडल्यावर चौदाव्या नंबरचं झाड हजर झालं. आम्हाला बक्षीस मिळालं नाही. भाग घेतल्याचं प्रमाणपत्र मिळालं, आणि परीक्षकांनी जाळी परत दिली.

बक्षीस समारंभ संपेपर्यंत सहा वाजत आले. रिक्षात मागे बाबा, मध्ये दिशा, पलीकडे स्वप्नाली. मी रंगाचा डबा मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या बाजूला टेकलो होतो. दिशा हेल्मेट काढायला तयार नव्हती, आणि काढ म्हणायची आमची हिंमत नव्हती. मुर्धा गावाच्या पुढे गेलो तसा उजेड मावळला.

"भाईसाब," रिक्षावाला आरशात बघत म्हणाला, "ये पीछे इंडिकेटर किसने चालू किया?"

मी वळून पाहिलं. दिवा लुकलुकत होता!

"आजोबा, लागला! लागला!" दिशा जागच्या जागी उड्या मारायला लागली. "दिसला? दिसली का मी?"

बाबांनी तिच्याकडे तोंड वळवलं. त्यांच्या गालावर लाल उजेड येत होता, जात होता. "दिसला गो, दिसला!" ते म्हणाले. "लाल हाय. तू पन दिसलीस, बत्तीच्या खाली."

दिशाने सगळं भाषण पुन्हा म्हटलं. बाबांनी टाळ्या वाजवल्या, स्वप्नालीने पदराने डोळे पुसले आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. शेवटी दाखवलं की नाही मी!

"भाईसाब, बंद करो ना, आँख में लगता है," रिक्षावाला म्हणाला.

"बंद नहीं होता," मी अभिमानाने सांगितलं.

घरासमोर उतरलो. दिशा मला हेल्मेट देऊन आईबरोबर आत पळाली. मी एका हाताने हेल्मेट धरलं, दुसऱ्या हाताने बाबांना धरलं. दोन पावलं चाललो आणि बाबा थांबले. दिशा लांब गेली का, याची त्यांनी कान देऊन खात्री केली. मग माझ्या दंडाला धरून, आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर हळू आवाजात विचारलं, "योग्या, खरंच लागला व्हता काय र?"

दिवा आमच्या दोघांच्या मध्ये लुकलुकत होता. त्यांच्या तोंडापासून वीतभर लांब.

"हो बाबा," मी म्हणालो. "लागला होता."

आणि दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही, म्हणून मी बरणीवर दोनदा टकटक केली.