गहिनीनाथरावांची गाडी डावीकडे ओढते

तलवाड्याच्या गहिनीनाथरावांची मोटार डावीकडे ओढते, ही बाब प्रथम कोणी निदर्शनास आणली याबद्दल गावात एकमत नाही. मोटार साधी नव्हती. लालभडक, दोनच माणसांची, पुण्याच्या एका बिल्डरच्या चिरंजीवांनी हौस फिटल्यावर काढून टाकलेली स्पोर्ट्स कार होती ती. तालुक्यातल्या एकूणएक पुढाऱ्यांकडे सारख्याच पांढऱ्या, उंच गाड्या. सभेच्या ठिकाणी त्या ओळीनं उभ्या राहिल्या की ड्रायव्हर भलत्याच साहेबांना घेऊन निघत आणि साहेबांनाही ते अर्ध्या वाटेत कळे. पंचायत समितीचे माजी सदस्य गहिनीनाथराव, म्हणजे गावाचे नाथअण्णा, एकाच पक्षात राहून म्हातारे होत आले तरी कोणाच्या नजरेत भरले नव्हते. म्हणून ही लाल गाडी.

नजरेत ती भरली, यात वाद नाही.

"गाडीत बसायच्या आदी माणसाला जिमिनीवर बसावं लागतंय," वनमालाबाईंनी पहिल्याच दिवशी नवऱ्याला सुनावलं. "अन् उतरताना दोघांनी हात धरून वर वढावं लागतंय. ही गाडी हाय का आड?"

दोनच जागा असल्यामुळे कार्यकर्ते मोटारसायकलींवरून मागे येत. लांबून पाहणाऱ्याला वाटे, अण्णा काहीतरी उचलून पळतायत आणि गाव पाठलाग करतंय. तेही अण्णांनी सोसलं असतं. पण स्टेअरिंगवरचा हात जरा सैल पडला की गाडी गुमान डावीकडे निघे. गावातली पोरं म्हणू लागली, गाडी लाल, त्यात डावीकडं जाती. अण्णा लाल बावट्यात चालले. तालुक्यातले एकमेव उरलेले कॉम्रेड खरोखरच पेढे घेऊन घरी आले आणि तासभर बसले. तेव्हा मात्र अण्णांनी चाकांचं अलाइनमेंट करून घ्यायचं ठरवलं.

गेवराईत हायवेला लागून हनुमानचं टायरचं दुकान होतं आणि त्यावर 'कॉम्प्युटराइज्ड व्हील अलाइनमेंट' अशी दुकानापेक्षा मोठी पाटी होती. गाडी रॅम्पवर चढेना. तिचं पोट कडेला टेकलं आणि ती तिथंच रुसून बसली. हनुमानने ट्रॉलीच्या फळ्या टाकल्या, चार माणसांनी ढकललं, आणि गाडी एकदाची वर गेली. हनुमान कॉम्प्युटरसमोर बसला आणि बराच वेळ बोटानं पडदा वर सरकवत राहिला.

"अण्णा, ह्याच्यात तुमच्या गाडीचं नावच न्हाई."

"मग रे?"

"मग जवळची गाडी धरायची. बुटकी, दोन माणसांची..." त्याचं बोट थांबलं. "ही घ्या. मालवाहू रिक्षा."

"आरं, तिला तीन चाकं अस्त्यात!"

"असू द्या की. चौथ्याचं कॉम्प्युटर इचारतच न्हाई, मग आपुन त्याचा इषय कावून काढायचा?"

तीन चाकांचं अलाइनमेंट यथासांग पार पडलं. यंत्रातून कागद निघाला. त्यावर 'वाहन सरळ' असं छापलं होतं. खाली उतरताना वाहन डावीकडे वळलं आणि जुन्या टायरच्या ढिगात जाऊन थांबलं. हनुमानने गाडीकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं, आणि कागदावर विश्वास ठेवला.

"गाडी सरळच हाय, अण्णा. रस्ता वढतोय."

हे अण्णांना पटलं. गेवराई-तलवाडा रस्त्यानं आजवर अनेकांच्या पाठी, गाड्यांचे पाटे आणि लग्नं मोडली होती. तो गाडी ओढत असेल यात नवल नव्हतं. ते तडक बांधकाम खात्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या शाखा अभियंता दीपमाला मॅडम अतिशय नियमानं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तक्रार शांतपणे ऐकली, कपाट उघडलं, एक फाइल काढली, वाचली, मिटली.

"सदर रस्ता सरळ आहे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मी आत्ता त्याच रस्त्यानं आलोय."

"आपण कोणत्या रस्त्यानं आलात हे मला सांगता येणार नाही. आमच्या दप्तरी जो रस्ता आहे तो सरळ, सपाट, दुतर्फा झाडं असलेला आणि उत्तम दर्जाचा आहे."

"त्यो कुठं हाय? मला त्याच रस्त्यानं घरी जायचंय."

मॅडमना क्षणभर हसू आलं असावं, पण ते कार्यालयीन वेळेत बसणारं नव्हतं. त्यांनी हनुमानचा कागदही पाहून घेतला. "वाहन सरळ. रस्ता सरळ. याचा अर्थ चालकाची तपासणी होणं आवश्यक आहे."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी अण्णांचे डोळे पाहिले, कान पाहिले, एका पायावर उभं केलं, फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं, आणि माणूस सरळ असल्याचं लिहून दिलं. राजकारणातल्या माणसाला असा दाखला सहसा मिळत नाही, त्यामुळे अण्णांना दोन दिवस बरं वाटलं. पण एकूण परिस्थिती अशी झाली की गाडी सरळ, रस्ता सरळ, माणूस सरळ, आणि तिन्ही मिळून निघाले की डावीकडे. अण्णांनी मग तालुक्याची चालू पद्धत स्वीकारली. ते स्टेअरिंग कायम जरासं उजवीकडे पिळून धरू लागले. तसं धरलं की सगळं सरळ दिसे.

अडचण आली ती सभेच्या दिवशी. जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर होत्या आणि दोन्ही पक्षांनी गेवराईत एकाच दिवशी सभा ठेवल्या होत्या. रस्त्याच्या उजव्या अंगाला अण्णांच्या पक्षाचा मंडप, डाव्या अंगाला आबासाहेबांच्या पक्षाचा. आबासाहेब म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. त्यांच्याविरुद्ध बोलण्यातच अण्णांचं तारुण्य गेलं होतं. अण्णांची लाल गाडी आली. मागे मोटारसायकली, पुढे हलगी. दोन्ही बाजूंची गर्दी गाडी बघायला रस्त्यावर लोटली. जाईबाई नावाच्या एका म्हातारीनं अण्णांना हात जोडले. आता समोरून कोणी हात जोडले की पुढाऱ्यानं काय करायचं असतं? अण्णांनी दोन्ही हात जोडले.

गाडीनं आपलं काम केलं. ती सावकाश, कोणालाही धक्का न लावता डावीकडे वळली, आबासाहेबांच्या कमानीतून आत शिरली, आणि व्यासपीठाच्या पायरीला नाक टेकवून थांबली. हात जोडलेलेच होते. गाडी इतकी बुटकी की अण्णा आबासाहेबांच्या पायाशी बसल्यासारखे दिसत होते.

आबासाहेबांनी आयुष्यात अनेक माणसं येताना पाहिली होती, पण इतक्या नम्रपणे कोणी आलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून अण्णांच्या गळ्यात टाकला. फोटो निघाले.

"आबासाहेब, तसं न्हाई हो!" दोघा जणांनी वर ओढून काढल्यावर अण्णा कळवळून म्हणाले. "अलायमेंट गेलीय!"

माइक चालू होता. आबासाहेबांनी तो हातात घेतला. "ऐकलं का मंडळी? अण्णा सोताच म्हणत्यात, तिथली अलायमेंट गेलीय!"

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. उजवीकडच्या मंडपातलेही काही जण विचार करत डावीकडे आले.

त्यानंतर जे झालं त्याची अण्णांना कल्पना नव्हती. ज्या पक्षानं त्यांना वर्षानुवर्षं सतरंजीच्या कडेला बसवलं होतं, त्या पक्षाचे जिल्हाध्यक्ष संध्याकाळी घरी आले आणि स्वतः सतरंजीवर बसले. "अण्णा, नाराजी काय ते सांगा." आबासाहेबांनी दुसऱ्या दिवशी तिकिटाचा शब्द पाठवला. अण्णा प्रत्येकाला सांगत, अहो, चाक वाकडं आहे, चाक! ऐकणारा डोळा मिचकावी. एवढ्या मोठ्या माणसानं एवढं साधं कारण सांगावं, म्हणजे आतलं कारण केवढं असेल! गावात 'कावून गेलते?' असं कारण एकानंही विचारलं नाही. जो तो विचारी, 'काय भेटलं?'

हनुमानच्या दुकानापुढे पांढऱ्या गाड्यांची रांग लागली. त्याला धंद्याची जाण होती. त्यानं जुनी पाटी उतरवून नवी लावली: 'येथे गाड्या हव्या त्या बाजूस ओढून मिळतील.'

वनमालाबाईंनी नवऱ्याला सरळ सल्ला दिला. "आयतं तिकीट दारात आलंय. घ्या अन् गप बसा."

"अगं, मी गेलोच न्हाई तिकडं. गाडी गेली."

"मग गाडीच्या नावानं घ्या."

पण अण्णांच्या मनाला ते लागलं होतं. म्हातारपण जवळ आलं. आजवर काही मिळालं नाही हे खरं, पण हा माणूस कुठं हलला नाही असं तरी लोक म्हणत होते. तेवढीच एक कमाई होती आणि ती एका चाकानं घालवली होती. त्यांनी गाडी एका मोठ्या ट्रकवर चढवली आणि स्वतः बरोबर जाऊन पुण्याच्या वर्कशॉपात पोहोचवली. गाडी ट्रकवरून निघालेली पाहून अण्णा तिसऱ्याच पक्षात चालले अशी बातमी चकलांब्यापर्यंत गेली. पुण्याच्या यंत्रात गाडीचं नाव होतं. तिथं चारही चाकं मोजली गेली, चारही सरळ केली गेली.

परत आल्यावर पुन्हा दोन सभांचा योग आला. तोच रस्ता, तेच दोन मंडप. डाव्या कमानीत आबासाहेब हार घेऊन उभे, उजव्या कमानीत जिल्हाध्यक्ष त्याहून जाड हार घेऊन उभे. अण्णांनी गर्दीसमोर गाडी हळू केली, स्टेअरिंग सोडलं आणि दोन्ही हात जोडले. गाडी डावीकडे गेली नाही. उजवीकडेही गेली नाही. दोन्ही हारांच्या मधून ती नाकासमोर चालत राहिली आणि गावाबाहेर गेली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सरळ ते आयुष्यात कधी गेले नव्हते.

त्या संध्याकाळी दोन्ही पक्षांचं पहिल्यांदाच एकमत झालं. "माणूस भरवशाचा न्हाई," आबासाहेब म्हणाले. "वळवावा तर वळतच न्हाई," जिल्हाध्यक्षांनी दुजोरा दिला. अण्णा अपक्ष उभे राहिले. प्रचाराला भाषण एकच: मी सरळ आहे. लोकांनी फार मन लावून ऐकलं. असा माणूस पाहिजे, असं पारापारावर बोललं गेलं. म्हाताऱ्यांनी अण्णांच्या तोंडावरून हात फिरवले.

निकालात अण्णांना जी मतं पडली ती मोजायला एका हाताची बोटं पुरली. आबासाहेबांचा माणूस वाजतगाजत निवडून आला.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांच्या ओसरीवर समाचाराला रीघ लागली. छबूबाई आली, त्रिंबक सोनार आला, आख्खी आळी आली. प्रत्येक जण हळू आवाजात सांगे, "अण्णा, दुसऱ्याचं न्हाई सांगत, पर आमच्या घरचं मत तुमालाच." वनमालाबाई चहा करून करून थकल्या. माणसं गेल्यावर अण्णांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "एवढ्यांनी दिली म्हणत्यात, मग गेली कुठं? तुझं तरी मला होतं का न्हाई?"

"न्हाई," वनमालाबाई कपबशा गोळा करत म्हणाल्या. "माझ्या भाच्याची बदली धारूरला आडकलीय. आबासाहेबांनी शब्द दिलाय."

"अगं, मी नवरा हाय तुझा!"

"म्हून तर खरं सांगितलं. बाकीचे चहा पिऊन गेले."

अण्णांनी पुढे कधी निवडणूक लढवली नाही. पण आजही तलवाड्यात कोणालाही विचारा, त्यानं मत अण्णांनाच दिलेलं असतं. आसपासच्या गावांतली, ज्यांचा त्या मतदारसंघाशी संबंध नव्हता अशीही माणसं आता तसं सांगतात. वाचकहो, तुमचं नाव तिथल्या मतदारयादीत असतं तर तुम्हीही अण्णांनाच मत दिलं असतं. बसा, चहा ठेवलाय.