गॅलरीतली तार

“जागा नाही ही आळशी माणसाची सबब आहे,” लाइनमन फोनवर म्हणाले. “अरे, ज्याने उभा जन्म डोंगर-ओढे ओलांडून तारा ओढल्या, त्याला दोन खोल्यांत एक तार ओढता येऊ नये? रविवारी दुपारी सेटजवळ बस. माझा आवाज तुझ्या घरात खणखणीत वाजेल.”

“बघू,” पलीकडून भोंगा म्हणाला. “तुझी गॅलरी मी पाहिलीय. त्यात दोन माणसं उभी राहिली तर एकाला श्वास रोखून धरावा लागतो.”

भोंगा म्हणजे लाइनमनचा टेलिफोन खात्यातला जुना सोबती. त्याचा आवाज असा, की खात्याने त्याला फोन उगाच दिला असं सगळे म्हणत. निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून हौशी रेडिओची परीक्षा दिली, परवाने काढले. मग भोंगा गेला लांबच्या गावी, लेकाकडे. तिथे अंगण, अंगणात उंच झाड, झाडावर सरळसोट अँटेना. लाइनमनच्या नशिबी तिसरा मजला आणि ती गॅलरी.

अँटेना म्हणजे शेवटी एक तार. पण तिला लांबी लागते, आणि लाइनमनना हवी होती ती लांबी त्यांच्या सबंध घरात दोनदा फिरूनही उरली असती. गच्चीवर लावायची म्हटलं तर सेक्रेटरींनी हात आडवा केलेला. इमारतीबाहेर एकही तार दिसता कामा नये, हा त्यांचा नियम. पण सेक्रेटरींचं काय घेऊन बसलात, खरी अट घरात होती. सेट जुना, ट्रंकेएवढा जड, आणि तो बसला होता बायकोच्या शिलाई मशीनच्या जागेवर. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “राहू द्या. हौस आहे तुमची. पण इमारतीतून एक तक्रार आली, फक्त एक, की हा खोका भंगारात. मी स्वतः नेऊन देईन.”

ती बाई एक गोष्ट दोनदा सांगत नसे. एवढ्या वर्षांच्या संसारात लाइनमनना हे चांगलंच माहीत होतं.

उपाय सुचला तो कपडे वाळत घालायच्या दोरीकडे बघून. जुनी दोरी सैल पडली होती, ओली चादर टाकली की कठड्याला टेकायची. लाइनमननी ती काढली आणि तिच्या जागी प्लॅस्टिकचं आवरण असलेली तांब्याची तार ताणली. गॅलरीत मागेपुढे चार फेऱ्या, तिथून दरवाजाच्या चौकटीवरून आत, छताच्या कडेकडेने स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. लांबी बरोबर भरली. सेटची दुसरी तार जमिनीत पुरावी लागते. तिसऱ्या मजल्यावर जमीन कुठली? ती त्यांनी गॅलरीच्या लोखंडी कठड्याला पक्की बांधली. हा कठडा सगळ्या मजल्यावरून जात थेट लिफ्टच्या जाळीला वेल्ड केलेला होता, याचा तर त्यांना उलट आनंद झाला. जितकं लोखंड जास्त तितकं बरं, असं म्हणत त्यांनी हात झटकले.

बायको बाहेर आली, नव्या दोरीला हात लावून उभी राहिली.

“तुम्ही बदललीत? मी न सांगता?”

लाइनमन नुसतं हसले. इथेच घोळ झाला. त्या क्षणी “अगं, ही अँटेना आहे” एवढं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

ती मात्र दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुख्याध्यापिकाबाईंना हाताला धरून घेऊन आली. “बघा बाई, ह्यांनी आपणहून बांधली. ओली गोधडी टाकली तरी झोळ पडत नाही.” बाईंनी चष्मा सारखा करून दोरी पाहिली आणि लाइनमनकडे असं पाहिलं, जसं पहिला नंबर काढणाऱ्या मुलाकडे पाहतात.

रविवारी तार मोकळी हवी होती. शिवाय सेट चालू असताना तारेला हात लागला तर चटका बसतो. म्हणून लाइनमन म्हणाले, “आज धुणं नको. आराम कर. बहिणीकडे जाऊन ये हवं तर.” तिचे डोळे भरून आले. जाताना जिन्यात बाईंना तेही सांगून गेली.

दार लागल्यावर लाइनमननी सगळ्या गाठी पुन्हा तपासल्या, आणि ठरलेली वेळ झाली तसा सेट सुरू केला, कानांवर हेडफोन चढवले. काटा असा झोकात वर गेला, की छाती फुगली.

“हॅलो, हॅलो. कोणी आहे का? कोणी ऐकतंय का? ऐकत असाल तर उत्तर द्या.”

खरखर. परत हाक. परत खरखर.

दोघांचं ठरलं होतं, की उत्तर नाही आलं तरी बोलत राहायचं. कधी कधी आपला आवाज पोचतो आणि समोरच्याचा येत नाही. तेव्हा लाइनमन बोलत राहिले. काटा नाचत होता, म्हणजे भोंगा ऐकत असणार, यात त्यांना शंका नव्हती. मित्र ऐकतोय म्हटल्यावर जीभ सैल झाली.

“मी तिसऱ्या मजल्यावरून बोलतोय. जागा फार अपुरी आहे, हातपाय आखडून बसलोय, पण भागवतोय. एक सांगतो, बायकोला यातलं काही कळू देऊ नकोस. तिला वाटतं, दोरी मी तिच्यासाठी बांधली. गावभर सांगत सुटलीय. तिच्या तोंडाकडे बघवत नाही रे. खरं सांगावंसं वाटतं, पण जीभ उचलत नाही. कळलं तर सगळं संपलं…”

तेवढ्यात दारावर धपाधप थापा पडल्या. हेडफोनमधूनही ऐकू आल्या.

“थांब, दारावर कोणीतरी आलंय,” लाइनमन कुजबुजले. तक्रार आली, हेच त्यांच्या मनात. “मला न्यायला आले असणार.” आणि त्यांनी सेट बंद केला.

दारात सेक्रेटरी होते, घामाघूम. लाइनमनची नजर आधी गॅलरीकडे गेली. पण सेक्रेटरी तारेबद्दल बोललेच नाहीत.

“चला लवकर. लिफ्टमध्ये माणूस अडकलाय. मेकॅनिकला यायला वेळ आहे, आणि विजेतलं कळणारे इमारतीत तुम्ही एकटेच.”

लाइनमन पक्कड घेऊन निघाले. आपल्याला बोलवायला आले म्हणजे तक्रार नाही, या आनंदात दोन-दोन पायऱ्या उतरले.

दुसऱ्या मजल्यावर जाळीभोवती माणसं जमली होती. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेली. वॉचमन जाळीला कान लावून उभा होता. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा.

“काका, आत्तापर्यंत बोलत होता हो,” तो म्हणाला. “माझ्या केबिनमध्ये लिफ्टचा बॅटरीवरचा स्पीकर आहे ना, त्यातून आवाज आला. कोणी आहे का, कोणी ऐकतंय का. बघतो तर लिफ्ट मध्येच. नियमाप्रमाणे लगेच लिफ्टचा मेन स्विच पाडला. नंतर बटण दाबून मी किती ओरडलो, पण तो थांबेल तर शपथ. आपलंच बोलत राहिला.”

“आणि आता?”

“आता गप्प झाला. एकदम.”

“शुद्ध हरपली असणार,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. “शेवटी काय म्हणाला?”

वॉचमनने जाळीवरचा कान काढला. “म्हणाला, दारावर कोणीतरी आलंय. मला न्यायला आले असणार.”

जिन्यात कोणी हलेना. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाच्या दाराशी कोण येणार, आणि कुठे न्यायला, हे ज्याचं त्याने ओळखलं. लाइनमनच्या हातातली पक्कड मात्र तेवढ्यात जड झाली. हे शब्द त्यांनी कुठेतरी ऐकले होते.

“आणखी काय म्हणत होता?” त्यांनी विचारलं.

“तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणाला. जागा फार अपुरी आहे, हातपाय आखडलेत, पण भागवतोय. आणि बायकोला काही कळू देऊ नकोस. त्यापुढचं खरखरीत बुडालं.”

“बिचारा,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “जीव चाललाय, तरी तिचाच घोर.”

लाइनमनच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख झालं. सेटची तार कठड्याला, कठडा जाळीला, जाळी लिफ्टला. भोंग्याकडे आवाज पोचला की नाही देव जाणे, पण लिफ्टच्या स्पीकरपर्यंत नक्की पोचला होता. म्हणजे आत कोणीच नाही. सांगून टाकावं का? सांगितलं तर तक्रार. तक्रार आली की सेट भंगारात. न सांगावं, तर? लिफ्ट रिकामी निघेल, लोक थोडा वेळ चक्रावतील आणि घरी जातील. ठरलं. गप्प बसायचं.

आणि लिफ्टच्या आतून कोणीतरी दार ठोठावलं.

“अहो, आहे का कोणी? काढा की मला बाहेर.”

आवाज बाईचा होता. लाइनमननी डोळे मिटले. बायकोची बहीण घरी नसणार, आणि ही वॉचमनला न दिसता मागल्या फाटकाने परत आली असणार. चालत्या लिफ्टचाच वॉचमनने स्विच पाडला होता.

पण जिन्यातल्या लोकांनी हिशोब वेगळाच जुळवला. सगळे आधी एकमेकांकडे पाहू लागले, मग जिन्याच्या कठड्याकडे.

“आत बाईपण आहे,” कोणीतरी हळूच म्हणालं.

“एक पुरुष,” सेक्रेटरी बोटांवर मोजत म्हणाले, “एक बाई. आणि बायकोला कळू देऊ नकोस.”

मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे पुसायचं थांबवलं. “शी. आणि मी रडत बसले. कुणाची कोण आहे, कळू दे तरी. दार उघडा.”

वॉचमन लिफ्ट हाताने उतरवायच्या चाकाचा दांडा फिरवायला वर पळाला. लिफ्ट कुरकुरत बोटभर खाली आली. थांबली. परत बोटभर. आता दार उघडणार, आणि आतून लाइनमनची बायको निघणार. पुरुष सापडणार नाही. मग तो कुठे गेला, कोण होता, हे ही इमारत पुढची दहा वर्षं चघळणार. एका पारड्यात सेट होता, दुसऱ्यात ती. लाइनमनना तोलायला एवढा वेळ लागला, याची त्यांना पुढे फार लाज वाटली. पण लागला.

“तो माणूस मी आहे,” ते म्हणाले.

“कुठला?”

“लिफ्टमधला.”

सेक्रेटरींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “तुम्ही तर इथे आहात.”

“आवाज माझा होता. घरून. सेटवरून. मी बायकोच्या दोरीला…” लाइनमन जसजसे सांगत गेले, तसतसं त्यांनाच ते खोटं वाटू लागलं.

“बसा जरा,” बाई मायेने म्हणाल्या. “धावपळ सोसली नाही तुम्हाला.”

कोणी विश्वास ठेवीना. लिफ्ट आणखी बोटभर उतरली. लाइनमन वळले आणि जिना चढू लागले. गुडघे कुरकुरत होते, छातीत इंजिन चालू होतं. घरात शिरून त्यांनी सेट लावला, माइक ओठांशी धरला, आणि सबंध इमारतीला ऐकू जाईल असं सांगून टाकलं.

“ऐका. हा मीच बोलतोय. लिफ्टमध्ये माझी बायको एकटी आहे. दुसरं कोणी नव्हतं, कधी नव्हतं. गॅलरीतली दोरी ही दोरी नाही, अँटेना आहे. ती मी तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी बांधली आणि तिला फसवलं. माझं बोलणं संपलं.”

ते परत खाली पोचले तेव्हा दार उघडलं होतं. लिफ्टमधल्या स्पीकरने त्यांचं सगळं बोलणं जिनाभर ऐकवलं होतं. बायको पिशवी छातीशी धरून बाहेर येत होती. सगळे बाजूला सरले. सेक्रेटरींचा मात्र चेहरा खुलला होता. नियम मोडणारा माणूस आयता हाती लागला होता.

“तार बाहेर लावायला बंदी आहे,” ते म्हणाले. “मला दिसली कशी नाही?”

“रोज बघता की,” वॉचमन म्हणाला. “तुमच्या खिडकीसमोरच चादरी वाळतात.”

सेक्रेटरींनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “वहिनी, त्रास तुम्हाला झालाय. तुमची तक्रार असेल तर आत्ता सांगा, मी दखल घेतो.”

लाइनमन तिच्याकडे बघत होते. तिचं बघणं बाईंकडे होतं. दोरी दाखवायला ज्यांना हाताला धरून आणलं होतं, त्याच बाई.

“तक्रार आहे,” ती म्हणाली.

लाइनमनना भंगारवाल्याची आरोळी स्पष्ट ऐकू आली.

“पण ती इमारतीची नाही. घरची आहे. घरी जाऊन करीन.” आणि ती जिना चढू लागली. लिफ्टकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर तिने चपला काढल्या. पिशवी ठेवली, पाणी प्यायली, गॅलरीत गेली. तेवढ्यात फोन वाजला. भोंगा.

“काय रे, लावला होतास ना सेट? कान दुखेस्तोवर बसलो. खरखरीशिवाय काही आलं नाही.”

लाइनमननी फोन ठेवला. “म्हणजे कोणालाच ऐकू गेलं नाही,” ते स्वतःशी म्हणाले.

“मला गेलं,” ती गॅलरीतून म्हणाली. “स्पष्ट. पहिल्या शब्दापासून. ऐकत उभी राहिले, म्हणून तर हाकही उशिरा मारली. लिफ्टमध्ये कान कुठे लपवणार?”

लाइनमन उठले, पक्कड घेतली. “तार काढतो. सेट उद्या…”

“दोरीला हात लावाल तर याद राखा.” ती तारेवरून बोट फिरवत होती. “तोंडाकडे बघवत नाही म्हणालात ना? सेटवर का होईना, म्हणालात. सेट राहू द्या. पण दोरी माझी. ती काढलीत तर बाईंना मी काय सांगू, ती नुसती अँटेनाच होती म्हणून?”

त्यानंतर लाइनमननी कठड्याची तार सोडून घरातच फिरवली, आणि लिफ्ट पुन्हा कधी बोलली नाही. रविवारी दुपारी ते सेटसमोर बसतात. फक्त त्याआधी गॅलरीतले सगळे कपडे काढायचे, घड्या घालायच्या, कपाटात ठेवायचे, हे काम त्यांच्याकडे आलंय. धुणं आता रविवारीच निघतं, आणि त्यात गोधड्याही असतात.

दर रविवारी उशीर का होतो, असं भोंग्याने परवा विचारलं. लाइनमननी सांगितलं, अँटेना वाळायला वेळ लागतो.