बांबूच्या अलीकडचा डॉक्टर

आमच्या वालदे डॉक्टरांनी प्राणहिता नदीच्या रेतीत एक बांबू रोवला होता. बांबूच्या अलीकडे ते डॉक्टर आणि पलीकडे कोणीच नाही, असं त्यांचं स्वतःबद्दलचं पक्कं मत होतं.

ही नव्वदीच्या शेवटची, सिरोंच्याकडची गोष्ट. नदीच्या या काठाला आमचं गाव, म्हणजे महाराष्ट्र. त्या काठाला आंध्र. उन्हाळ्यात नदी इतकी आटते, की थोडं पाणी आणि बरीचशी रेती तुडवत माणूस परराज्यात जाऊन येतो. पलीकडच्यांना त्यांचा दवाखाना लांब आणि वालदे डॉक्टर जवळ. पण डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्राची. "माझा नंबर अर्ध्या नदीपर्यंत चालते. पुढं नाई," असं ते येईल त्याला बजावत. अर्धी नदी नेमकी कुठे संपते, हे विचारायला ते तहसील कचेरीतही जाऊन आले. तिथल्या बाबूनं नकाशा दोनदा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हे तं नदीलेच विचारा." मग डॉक्टरांनी स्वतः दोर धरून पात्र मोजलं आणि मधोमध बांबू रोवला. दर पावसाळ्यात तो वाहून जाई. दिवाळीनंतर पाणी उतरलं की स्वारी पुन्हा दोर घेऊन हजर.

पलीकडच्या पेशंटला निदान बांबूपर्यंत तरी आणायचं, असा दंडक होता. डॉक्टर अलीकडच्या बाजूला घडीची खुर्ची मांडून, छत्री उघडून बसत. एकदा पोचम नावाच्या मासेमार ढिवराला खाटेवर घालून आणलं. खाट ठेवणाऱ्यांनी ती अशी ठेवली, की डोकं आणि छाती महाराष्ट्रात, पाय आंध्रात. सूज नेमकी पायाला. डॉक्टरांनी छाती तपासली, जीभ पाहिली आणि गुडघ्याशी येऊन थांबले.

"खाट फिरवा."

चार माणसांनी घाम पुसत खाट फिरवली. पाय तपासून झाले आणि डॉक्टरांना जीभ पुन्हा एकदा पाहावीशी वाटली. ती आता आंध्रात गेली होती. शेवटी पोचमच वैतागून उठला आणि लंगडत लंगडत सगळाच्या सगळा महाराष्ट्रात येऊन बसला.

माझं औषधाचं दुकान होतं, आणि गावातला एकुलता एक एसटीडी फोनही माझ्याकडेच. दवाखाना शेजारी. डॉक्टरांसाठी फोन आला की मी हाक मारायचो. रिसीव्हर उचलल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोणत्या काठावरून बोलून राह्यले?"

या काठावरचा असला तर, "घेऊन या, नाई तं मी येतो." त्या काठावरचा असला तर, "बांबूपर्यंत आणा." फोनवर गोळीचं नाव मात्र त्यांनी कधी काढलं नाही, साध्या तापाच्या गोळीचंसुद्धा.

मी चिडायचो. "अहो डॉक्टरसाहेब, सांगून टाका की! कोण येते पाहाले?"

"सुधाकर, फोनमंधी डोळे दिसत नाई गा."

मला हे निमित्त वाटायचं. हा माणूस आपला नंबर जिवापाड सांभाळणारा भित्रा माणूस आहे, अशी माझी खात्री होती. चारचौघांत मी ते बोलूनही दाखवायचो, आणि ते ऐकून घ्यायचे.

या सगळ्याला अपवाद शुक्रवारचा. शुक्रवारी दुपारी चारला पलीकडून राजक्काचा फोन यायचा. म्हातारी तेलुगू बोलणारी, मराठी मोडकंतोडकं. डॉक्टर पावणेचारलाच केस विंचरून माझ्या स्टुलावर येऊन बसलेले. तिला काठ विचारत नसत. "राजक्का, जेवली का?" इथून सुरुवात. मग शेळ्या, चिंचा, शेजारणीचं भांडण. मध्येच ती खोकली की हे डोळे मिटून ऐकत राहायचे. "खोकला वाढला तुझा. तिकडच्या डॉक्टरले दाखव. मी गोळी नाई सांगत."

"नको सांगू!" म्हातारी इतक्या जोरात म्हणायची, की मला गल्ल्यावर ऐकू यायचं.

डॉक्टरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकदा मी म्हणालो, "दोन्ही राज्यांची परवानगी काढा आणि सोयरीक करून टाका." ते हसले नाहीत. रुमालानं रिसीव्हर पुसून ठेवला आणि गेले.

एका एप्रिलमध्ये शुक्रवारी चार वाजले तरी फोन वाजला नाही. साडेचारला वाजला, तो राजक्काच्या शेजारणीचा. राजक्का आठवडाभर अंथरुणाला खिळली होती. तिकडचे डॉक्टर पाहून गेले, औषधं झाली, आता फार दिवस नाहीत म्हणाले. आणि ती वालदे डॉक्टरांना बोलावत होती.

"बांबूपर्यंत..." डॉक्टर सवयीनं म्हणाले आणि तिथेच थांबले. मग दवाखान्यातून आपली बॅग घेऊन आले. गळ्यातला स्टेथोस्कोप काढून बॅगेत घातला आणि बॅग माझ्या गल्ल्यावर ठेवली. "हे इथीच राहू दे."

मी शटर ओढून त्यांच्या मागे निघालो. खरं सांगतो, मी गंमत पाहायला निघालो होतो.

बांबूपाशी ते थांबले. बांबूवर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या आधी हा फोन पोस्टात होता. नवा नवा लागला होता तवा. राजक्काच्या पोरीले ताप आला. मी फोनवर म्हटलो, साधा ताप आहे, गोळी दे, दोन दिवस पाह्य. मलेरिया डोक्यात चढला होता तिच्या. तिसऱ्या दिवशी गेली पोरगी. एकडाव डोळे पाह्यले असते तं समजलं असतं."

"मग? चौकशी झाली?"

"कोणीच काई विचारलं नाई. ना मेडिकल कौन्सिलनं, ना राजक्कानं. म्हणून मीच नियम शोधून काढला." मग म्हणाले, "पंधरा दिवसांनी राजक्काचा फोन आला. मले वाटलं, आता शिव्या देईन. तं म्हणते, डाक्टर, जेवला का? तवापासून शुक्रवार."

इतकी वर्षं मी या माणसाला भित्रा म्हणत आलो होतो. मला स्वतःची लाज वाटली. डॉक्टरांनी चपला काढून हातात घेतल्या आणि बांबू ओलांडला.

राजक्काच्या घरात भिंतीवर दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो होता. डॉक्टर त्याच्याकडे पाठ करून बसले नाहीत, समोरच बसले. दोघं एकमेकांना इतक्या जवळून बहुतेक पहिल्यांदाच पाहत होते. म्हातारीनं गोधडीतून हात बाहेर काढून पुढे केला.

"राजक्का, इथी मी डॉक्टर नाई."

"ठाऊक आहे." ती हसली, मग खोकली. "औषध नको. आता शुक्रवारी मी फोन नाही करेल. तू वाट पाहत बसू नको. एवढंच सांगायला बलावलं."

डॉक्टरांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. बोटं नाडीवर गेली नाहीत. ते रडत होते आणि ती त्यांना तेलुगूत काहीतरी समजावत होती. मी बाहेर जाऊन शेळ्यांपाशी उभा राहिलो.

राजक्का मंगळवारी गेली. शुक्रवारी पावणेचारला डॉक्टर केस विंचरून स्टुलावर येऊन बसले. मी चहा पुढे केला. चार वाजले, सव्वाचार झाले. मग फोन वाजला. पलीकडून कोणी बाई बोलत होती, लेकराला ताप होता.

"कोणत्या काठावरून?" डॉक्टरांनी विचारलं. "बरं. बांबूपर्यंत आणा." मग बराच वेळ ऐकत राहिले. "लेकराले उचलून आणाले घरी कोणीच नाई? ठीक आहे. घाबरू नको बाई. मी न्याले येतो."

दवाखान्यातून आणलेली बॅग गल्ल्यावर ठेवून, छत्री उघडून ते रेतीत उतरले. मी दुकान बंद केलं, त्यांची बॅग आणि घडीची खुर्ची घेतली आणि बांबूपाशी जाऊन उभा राहिलो.