पांढरी डावीकडे का जाते

सगुणची पांढरी, म्हणजे त्याची जुनी मोटार, एक्याण्णव सालची, म्हणजे सगुणपेक्षा चार वर्षांनी थोरली, आणि त्या रविवारी पेडण्याहून निघाली तीच मुळी जीव मुठीत धरून. कारण वडिलांनी, भिकाजींनी, भंगारवाल्याला संध्याकाळी बोलावून ठेवलं होतं. गाडी मध्येच डावीकडे ओढते, वीस वर्षं ओढते, दोन गॅरेजवाले तिच्यापायी म्हातारे झाले. सगुणने रडून-भेकून एवढंच कबूल करून घेतलं, की जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपबरोबर शिरगावपर्यंत सरळ नेऊन दाखवली तर पांढरी राहणार. परीक्षक म्हणून भिकाजी स्वतः शेजारी बसले, मांडीवर पोयांची, म्हणजे गावठी पावांची, पिशवी घेऊन. मागच्या सीटवर चुलत बहीण योगिता.

पांढरी पुढे, मागे सहा गाड्या. थोडा वेळ अशी झोकात चालली म्हणता! मग वेशीवरच्या राखणदाराची घुमटी, गाव राखणाऱ्या देवाचं छोटंसं देऊळ, आली आणि पांढरी सर्रकन डावीकडे, थेट गटाराच्या काठावर. भिकाजींनी राखणदाराला केलेला नमस्कार तसाच छातीशी घट्ट धरून ठेवला.

सहा गाड्यांतून गाडीचे सहा डॉक्टर उतरले. त्यांत बाबलीचा शब्द शेवटचा, कारण त्याच्याकडे जीप आणि सगळे पाने. त्याने डाव्या चाकात हवा भरली. कोलवाळच्या देवळासमोर पांढरी पुन्हा डावीकडे. पुढच्या चाकांची अदलाबदल केली. थिवीला घुमटीशेजारच्या शहाळेवाल्याने उडी मारून जीव वाचवला. मग बाबली गाडीखाली शिरला, अर्ध्या तासाने काळाठिक्कर होऊन बाहेर आला आणि म्हणाला, "सगुण, हिचा वय झाला रे."

भिकाजींनी भंगारवाल्याला लावायला खिशातून मोबाईल काढला.

"जरा माका चालवूंदे," योगिता म्हणाली.

अस्नोडा आलं, दोन देवळं आणि एक घुमटी गेली. पांढरी दोरी लावल्यासारखी सरळ. भिकाजी मोबाईल हातात धरून बघतच राहिले.

"तुझ्या हातात सरळ कशी गो जाता?"

"काका, देव दिसलो की तुम्ही दोगय बापूस-झील उजवो हात काढून छातीक लावतात," योगिता म्हणाली. "डावो हात रवता स्टिअरिंगार लोंबकळत. मी नुसती मान लवयतंय."

भिकाजींनी मोबाईल खिशात ठेवला. आधीची सगळी वर्षं पांढरी भिकाजीच चालवत होते ना!

शिरगावपर्यंत आता एकच घुमटी उरलेली. परीक्षा सगुणची, म्हणून योगिता मागे गेली आणि सगुण स्टिअरिंगवर बसला, पण त्याचा उजवा हात आत्ताच छातीकडे निघाला. आयुष्यात कधी त्याने छातीला हात न लावता घुमटी ओलांडली नव्हती.

"बाबा, राखणदार रागावलो तर?"

भिकाजींनी घसा साफ केला. "तू दोनूय हात घट्ट धर. तुझ्या वाटणीचो नमस्कार मी करतंय."

घुमटी आली. भिकाजींनी दोन वेळा नमस्कार केला. पांढरी सुतासारखी सरळ गेली. सगुणने सोडलेला श्वास मागच्या सीटपर्यंत ऐकू आला.

मग भिकाजींनी पहिल्यांदाच मान वळवून मागे पाहिलं. घुमटीपाशी बाबलीची जीप डावीकडे झुकली. तिच्या मागची गाडी झुकली. तिच्याही मागची. सहाच्या सहा, एकामागून एक.

भिकाजींनी शांतपणे फोन लावला. भंगारवाल्याला म्हणाले, "आमची रवली. पण मागसून सा गाडयो येतत, त्यो बघ."