बंद काचांचा गारवा

यंत्र बिघडलं की ते दुरुस्त करणं ही दुय्यम बाब असते. आधी ते बिघडलेलंच नाही, असं चारचौघांत ठरवावं लागतं, आणि त्याला माणसं जाणती लागतात.

निरगुडसरचे खंडूनाना अशा जाणत्यांपैकी. सरकारी नोकरीत हयात काढून निवृत्त झाल्यावर, दोन हजार तीन साली त्यांनी पुण्याच्या एका साहेबाची जुनी पांढरी मोटार घेतली. मोटारीला एसी होता. म्हणजे एसीचं बटण होतं (दोन्ही एकच, असं नानांचं मत). गावात मोटारी तशा पुष्कळ, पण काचा वर करून फिरणारी ही पहिलीच. काचा बंद असल्यानं नानांना कुणाचा जयभीम ऐकू येत नसे की रामराम. त्यामुळे त्यांचा मान एकदम वाढला.

नानांची मुलगी प्रज्ञा डी.एड. होऊन शाळेत लागली होती. तिला महाळुंगे पडवळचं स्थळ आलं. मुलगा रुपेश चाकणला कंपनीत, व्यसन नाही, भावकीत नाव. असं स्थळ हातचं जाऊ नये म्हणून नाना रात्रंदिवस घोरात होते. त्याच घोरात त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "पावणं, यष्टीनं येऊ नका. म्या गाडी घिऊन येतो. एसी हाय."

शेवटचे दोन शब्द कुणी विचारले नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या जानकाबाईंनी, म्हणजे नानांच्या मंडळींनी, कपाळाला हात लावला.

बघण्याचा कार्यक्रम मे महिन्यातल्या रविवारी ठरला आणि शनिवारी एसी धरेना. बटण दाबलं की दिवा लागे, पंखाही फिरे, पण बॉनेटखाली जे 'टक्क' व्हायला पाहिजे ते होत नसे. वारा यायचा तो वीटभट्टीवरनं आल्यासारखा.

विहिरीवरच्या पंपांच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं भरून देणाऱ्या हौशीरामला पाचारण करण्यात आलं. आमच्याकडे दुरुस्तीची कार्यपद्धती ठरलेली आहे. प्रथम बॉनेट उघडावं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं थांबून आत वाकावं आणि "गॅस गेला आसंल" म्हणावं. ज्याला गॅस मंजूर नसेल त्यानं "फ्यूज" म्हणावं. तिसरं काही म्हणण्याची प्रथा नाही. नंतर गाडी बंद करून पुन्हा चालू करावी, बॉनेट आपटावं आणि चहा मागवावा. चहा येईपर्यंत गॅसच्या बाजूनं साठ टक्के आणि फ्यूजच्या बाजूनं तीस टक्के मतदान झालं होतं. (उरलेले दहा टक्के गाडी केवढ्याला घेतली, हे विचारायला आले होते.)

हौशीरामनं फ्यूज बदलला, पट्टा दाबून पाहिला, वायर थेट बॅटरीला लावून पाहिली.

"नाना, एसीच्या क्लचची कॉइल जळलीय. कॉम्प्रेसर काय धरत न्हाई. पुण्याला न्यावी लागंल. उद्या आपलं काचा खाली करून जावा."

"काचा खाली केल्या तर एसी बंद हाय हे दिसंल की."

"बंदच हाय ना पन?"

"हाय. पन दिसायला नको."

झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय नानांचा युक्तिवाद बिनतोड होता: ज्या अर्थी दिवा लागतो, त्या अर्थी एसी चालू आहे, आणि चालू असून गार वाटत नसेल, तर दोष बसणाऱ्यात आहे. हौशीरामला तो खोडता आला नाही. (त्यानं प्रयत्नही केला नाही. त्याला एका विहिरीतली मोटार काढायची होती.)

रविवारी भर दुपारी नाना महाळुंग्याला पोचले. मुलाचे वडील भागूतात्या पुढं बसले. रुपेश आणि त्याची आत्या सरूबाई मागं. नानांनी काचा वर केल्या आणि बटण दाबलं. दिवा लागलेला सर्वांनी पाहिला.

आता या मुलखाचा शिष्टाचार असा, की पावण्यानं उणं काढायचं नाही आणि घरच्यानं उणं कबूल करायचं नाही. त्यात पुन्हा 'गरम होतंय' म्हणणारा माणूस एसीत कधी बसलेला नाही, हे उघडं पडतं. कळंब यायच्या आत भागूतात्यांचा सदरा पाठीला चिकटला.

"लई गार व्हतंय का? कमी करू?" नानांनी काळजीनं विचारलं.

"थोडं करा. मला सांधेदुखी हाय," भागूतात्या म्हणाले.

नानांनी बंद एसी दोन नंबरनं कमी केला. मागं सरूबाईंनी कानांवरनं पदर गच्च गुंडाळून घेतला आणि आपल्या घराण्याची प्रकृतीच सर्दीची असल्याचं सांगितलं. मंचर ओलांडताना त्या कुडकुडल्या.  रुपेश तेवढा काचेला नाक लावून बसला होता.

निरगुडसरला दार उघडलं तेव्हा मे महिन्याची झळ चौघांच्या अंगाला गार लागली. ओलेचिंब पावणे पाहून जानकाबाईंनी विचारलं, "वाटंत पाऊस लागला का?"

पोहे झाले. शिक्षण, नोकरी, उंची विचारून झाली. मग भागूतात्या प्रज्ञाला म्हणाले, "तुला काय इचारायचं आसंल तर इचार." (हे म्हणायची पद्धत आहे, विचारायची नाही.)

प्रज्ञानं रुपेशकडे पाहिलं. "गाडीत गरम झालं का?"

नानांनी घाईघाईनं चहा मागवला. सोन्यासारखं स्थळ एका बटणापायी चाललं. रुपेशनं वडिलांकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"लई," तो म्हणाला. "वाटलं, आपन काय आता जित्तं उतरत नाय."

प्रज्ञा खळखळून हसली. आत जाऊन तिनं आईला सांगितलं, मुलगा पसंत आहे. खरं बोलतो, आणि तेही बापासमोर. नानांना भरून आलं. "कॉइल जळलीय ओ," ते भागूतात्यांचा हात धरून म्हणाले, आणि त्यांना कित्येक दिवसांनी मोकळं वाटलं.

"मी तर कळंबलाच बोलनार व्हतो," भागूतात्या म्हणाले.

वाचकहो, त्या गाडीत आपण असतो तर पहिल्याच वळणाला काच खाली केली असती, असं आपल्याला आता वाटत असेल. भागूतात्यांनाही आता तसंच वाटतं.