हौसा कडी वाजवायची

हौसा आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे डाळिंबाखाली वाकून पडलेली पानं बघणं. बागेचं पाणी तोडून महिना झाला होता. बहार धरायचा तर झाडाला असा ताण द्यावाच लागतो. पानं गळतात, मग पाणी दिलं की कळी निघते. हौसा म्हणाली, "झाली पानगळ. उद्या सकाळी लाईट हाय तवर पाणी सोडा. उशीर केला तर काड्या वाळत्याल."

ही माझी बायको. स्वतःच्या घरात कडी वाजवल्याशिवाय शिरत नसे. दार सताड उघडं असलं तरी दोनदा कडी, आणि आतून मी "कोण?" म्हणेपर्यंत बाहेर उभी. डोक्यावर सरपणाचा भारा असला तरी!

मला वाटायचं, हे खूळ बारामतीच्या कॉलेजातलं. तिथं ती काचा-बाटल्या धुवायला होती. मी चौथी नापास, ती तेवढीही नाही. पण धुता धुता बाईंचं शिकवणं ऐकायची आणि संध्याकाळी एस्टीतून उतरली की सगळ्या निमगावाला शिकवायची.

"अवो, पेशीच्या अंगावर दारं असत्यात. निरोप्या आत शिरत न्हाय, भाईरनंच कडी वाजवतो. मग आतली एकमेकाला सांगत सांगत पार मधल्या खोलीत जात्यात. तितं वही असती. कुठलं पान उघडायचं, कुठलं काम काढायचं, ते तितं ठरतं."

"आन् निरोप मरायचा असला तर?"

"तर मरती. पर शिस्तीत. आपलं आपण आवरून, गठुडी बांधून. शेजारणीला तरास न्हाय. न्हायतर मामंजी! जाताना आख्खी आळी जागवली."

मामंजी म्हणजे माझा बाप. मी दोन दिवस बोललो नाही.

बायका चिडवायच्या, "हौसाबाई, आमच्या ह्यांची कुठली कडी वाजवू, म्हंजी कामाला लागत्याल?"

ती हसत नसे. "एकाच कडीवर दोन्ही हाय, बाई. कुणी जागं व्हतं, कुणी मरतं. आत काय चाललंय त्यावर हाय. जपून वाजवा."

एकदा मी वैतागलो. "बायकोच हायस नव्हं? ये की आत!"

"दिसभर लांब असती मी. तुमी जित्तं हायसा का न्हाय, ते भाईरच कळल्यालं बरं."

मग मी "कोण?" जरा मोठ्यानं म्हणू लागलो.

तिच्या छातीत दुखायचं. मी म्हणालो, "तू गेलीस तर मीबी चार दिसांत मागनं येतो."

"माझा निरोप आला की मरायचं का उठायचं, ते तुमच्या आतल्यांनी ठरवावं," ती म्हणाली. "पर मला उठल्यालं आवडंल."

त्या संध्याकाळी पानं बघून आलो, जेवलो, झोपलो. सकाळी ती उठलीच नाही. शेजारणीला तरास न्हाय.

पोरगी सोलापूरहून यायची होती, म्हणून सगळे थांबले होते. मी उठलो, मोटार चालू केली, फावडं घेऊन झाडाझाडाला पाणी वळवलं.

बांधावरून कुणी ओरडलं, "आबा, घरात मयत आन् तुमी पाणी देताय?"

"तिनंच सांगितलंय."

लाईट गेली तोवर शेवटची ओळ भिजली होती. चिखलाच्या पायांनी घरी आलो. दार सताड उघडं, अंगण माणसांनी भरलेलं. मी दोनदा कडी वाजवली. थोडा वेळ उभा राहिलो. मग आत गेलो.