उस्तादांचा बेस

"या गाडीत असा आवाज बसवतो, असा बसवतो, की सिग्नलला शेजारचे लोक आपापले रेडिओ शरमेनं बंद करतील!"

उस्तादांनी ही घोषणा केली तेव्हा त्यांची बायको गादीच्या खोळीला चेन लावत होती. उस्ताद म्हणजे काही गवई नव्हेत हं! नवरा-बायकोचं गाद्यांचं दुकान. ती शिवायची, हे छोट्या पिकअपमधून पोचवायचे. स्टिअरिंगवर सतत ठेका धरायचे, म्हणून गिऱ्हाइकांनी त्यांना उस्ताद करून टाकलं होतं. त्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना मुळीच खपायचा नाही. बायकोने हौसेनं लायसन्स काढलं. ती रोज विचारी, "आज मी चालवू?" हे म्हणत, "उद्या!" आणि तो उद्या काही केल्या उजाडत नव्हता.

"त्या बेसच्या स्पीकरचा डबा ठेवणार कुठे?" बायकोने मुद्द्याचं विचारलं.

"सीटच्या मागे!"

"तिथे माझी पर्ससुद्धा मावत नाही. मागे हौद्यात ठेवा की."

"हौद्यात? अगं, बेस कानाने ऐकायचा नसतो, पाठीने ऐकायचा असतो! सीट जरा पुढे घ्यायची, हाय काय अन् नाय काय!"

"सीट पुढे घेतली तर तुमचं..." बायकोची नजर उस्तादांच्या पोटावर जाऊन थांबली.

"माझं काय?"

"काही नाही. आधी माप घेऊ."

बायकोचा भाऊ सुतार. तो पेन्सिल कानाला लावून हजर झाला. सीट पुढे ओढली, उस्ताद ऐटीत बसले आणि बायको टेप घेऊन आत वाकली. आता मला सांगा, मेहुण्यासमोर पोट सोडून कोण बसेल? उस्तादांनी छाती फुगवली आणि पोट असं आत ओढलं की शर्टालाच नवल वाटलं असेल.

"अहो, श्वास सोडा ना!"

"सोडलाय!" उस्ताद दातांच्या फटीतून म्हणाले.

"तोंड लालबुंद झालंय तुमचं."

"आनंदानं! तू माप सांग लवकर!"

"पोट नि स्टिअरिंगमध्ये वीतभर जागा आहे," बायको म्हणाली.

"बघ! ऐसपैस!"

त्याच मापाने मेहुण्याने डबा ठोकला. सीट तशीच पुढे बोल्टने आवळून टाकली, डबा मागे पक्का चिकटवला आणि स्वतःवर खूश होऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गाद्या भरल्या. उस्ताद पोट आवळूनच आत शिरले, बायको शेजारी बसली, गाडी निघाली. गाणं सुरू झालं. पहिल्याच ठोक्याला आरसा थरथरला, बायकोच्या कानातले डूल नाचायला लागले आणि उस्तादांची पाठ धन्य झाली. "वा!" म्हणून त्यांनी समाधानाने श्वास सोडला.

पोंऽऽऽ!

"हॉर्न कशाला वाजवताय?"

"मी कुठे (पोंऽ) वाजवतोय!"

पोट सुटलं होतं आणि थेट हॉर्नवर जाऊन बसलं होतं! नेमका पुढचा सिग्नल लाल. पुढच्या ट्रकमधून ट्रकवाला तणतणत उतरला.

"दिवा दिसत नाही? उडून जाऊ का मी?"

"दादा, शपथ (पोंऽ) मी नाही वाजवत (पोंऽ), पोट (पोंऽऽऽ)!"

ट्रकवाल्याने खिडकीतून आत पाहिलं. पाहिलं मात्र, हसता हसता त्याला ट्रकचाच आधार घ्यावा लागला. बायकोने तोंडावर पदर घेतला होता, पण तिचे खांदे गदगदत होते.

सिग्नल सुटल्यावर गाडी कशीबशी बाजूला घेतली आणि उस्तादांनी रस्त्यावर उतरून मेहुण्याला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता ये आणि तो डबा काढ!"

"भावोजी, मी चिकटवलेलं निघत नाही. हीच तर माझी ख्याती! फोडावाच लागेल."

फोडायचा? काल बसवलेला बेस? एकीकडे बेस, दुसरीकडे स्टिअरिंग! उस्तादांनी डब्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि जड मनाने किल्ली पुढे केली.

"चालव तू. पण माझा बेस राहिला पाहिजे!"

बायको अशी अलगद आत बसली की जणू तिच्याच मापाने सीट केली होती. उस्ताद पलीकडे गुडघे छातीशी घेऊन कोंबले गेले. गाडी सुरेख निघाली. ना धक्का, ना गचका! कबूल करायला जड गेलं, पण बाई चालवत होती झकास. उस्तादांनी पाठ मागे टेकवली, डोळे मिटले.

"हं, लाव आता गाणं."

"छे! गाडी चालवताना मला गाणं चालत नाही. लक्ष जातं."

"अगं, मग या एवढ्या डब्याचा उपयोग काय?"

"असं कसं? तो आहे म्हणून तर तुम्ही तिकडे बसलात!"